वारं दौंडाकडं हाय

दौंडहून भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरलं की गुळाचा वास लागतो. बारा महिने नाही. दिवाळी उरकली, गुऱ्हाळं पेटली की मग. परवा कामावरून सुटून गावाकडे निघाले होते, गाडीची काच खाली होती, आणि पुलाच्या मध्यावरच वास आला. डोक्यात पहिला विचार आला तो असा, की वास इथवर आलाय म्हणजे वारा वायव्येचा आहे, आज विमान सत्तावीसवर उतरवावं लागलं असतं. गुळाचा विचार त्याच्यानंतर. पोटात कावळे ओरडत असताना ज्या बाईला आधी धावपट्टी आठवते, तिचं काही खरं नाही.

वाऱ्याबद्दल हळवं बोलणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो. मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटवाली आहे. दाब, तापमान, पातळी मोजणारे काटे नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. काटा खोटं बोलायला लागला की त्याला खोलायचं, साफ करायचं, परत लावायचं. पंधरा वर्षं हेच करतेय. तरीसुद्धा दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आठवला की माझ्याकडूनही वाऱ्याबद्दल चार शब्द जास्तच बोलले जातात. तेवढं चालवून घ्या.

त्या हंगामात मी विमान चालवायला शिकले. सुरुवात अगदी साधी झाली. आमच्या कारखान्याच्या गच्चीवर खांबाला एक विंडसॉक आहे, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी पिशवी, वाऱ्यानं फुगते आणि त्याची दिशा दाखवते. ती फाटली होती म्हणून बदलायला वर गेले. डोक्यावरून एक छोटं विमान वळलं. शिकाऊ विमानं या भागात नेहमीच घिरट्या घालतात, त्यात नवं काही नव्हतं. पण त्या दिवशी मी पाना हातात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले, आणि खाली आल्यावर फोन करून चौकशी केली. वय अडतीस. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं, मुलासाठी की मुलीसाठी?

खासगी वैमानिकाचं लायसन म्हणजे नोकरी नव्हे, हे मला पुढं वर्षभर लोकांना सांगावं लागलं. त्यावर पगार मिळत नाही. आपलं आपण उडता येतं, ओळखीच्या माणसाला शेजारी बसवता येतं, बस्स. लेखी परीक्षा, डॉक्टरी तपासणी, ठरावीक तासांचं उड्डाण, आणि शेवटी परीक्षक शेजारी बसून घेतो ती उड्डाणाची परीक्षा. माझ्या बरोबरीच्यांनी पुण्यात फ्लॅट घेतले. मी हे घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा आई कांदे निवडत होती. माझं लग्न झालेलं नाही, आणि तिच्या आयुष्यातला मोठा भाग ‘लेक कुठं दिली?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात गेला आहे. ती म्हणाली, “बरं झालं. आता कुनी इचारलं तर सांगीन, वर मिळाला न्हाई म्हनून वरच धाडली.” आप्पा म्हणाले, “वर गेली एवढं म्हनू नको म्हंजी झालं.” दोघं हसली. मग आईनं जुन्या लुगड्यांची चार घड्या घालून जाड उशी शिवली, कारण माझी उंची बेताची आणि विमानाच्या नाकावरून पुढचं दिसत नाही अशी माझी तक्रार होती. त्या उशीवर बसून मी सगळं शिकले. परीक्षकानंही तिच्याकडे एकदा बघितलं, विचारलं काही नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, आणि गुऱ्हाळ त्यांचं. भीमेच्या शिरूरकडच्या काठाला आमची वस्ती आहे, नदीपल्याड दौंड तालुका. उसाचा रस काहिलीत आटतो, खाली चुलवाणात रस काढून राहिलेली चिपाडं जळतात, धुराड्यातून धूर निघतो. गूळ कधी उतरवायचा हे आप्पांना फेसाच्या आवाजावरून कळतं. पण सकाळी उठल्यावर ते काहिलीकडे जात नाहीत. आधी अंगणात उभं राहून वारा बघतात. मी लहान असताना आमच्या चुलवाणातली ठिणगी उडून शेजारच्या आबांची कडब्याची गंजी पेटली होती. माणसं, जनावरं वाचली, गंजी गेली. आप्पांनी आमचा सगळा कडबा त्यांच्या गोठ्यात नेऊन टाकला आणि आमच्या बैलांसाठी गावभर पेंढ्या मागत फिरले. तेव्हापासून पहिलं काम वारा. वारा जिकडे जाणार तिकडची चिपाडं आधी उचलायची, तिकडे पाण्याचं पिंप ठेवायचं.

म्हणून आमच्याकडे वाऱ्याला तो जाणार त्या गावाचं नाव. ‘वारं दौंडाकडं हाय.’ ‘आज न्हावऱ्याकडं फिरलंय.’ औषध फवारतानाही तेच, कारण फवारा शेजाऱ्याच्या भाजीवर जाता कामा नये. चुलवाणाला चिपाडं घालणारा रामसुमेर उत्तर प्रदेशातून आलेला, तोही दुसऱ्याच हंगामात ‘आज हवा दौंड तरफ’ म्हणायला लागला. वारा आला कुठून याची चौकशी आमच्यात कुणी करत नाही. आला तो आला. लेकीचंही तसंच की. पोराबद्दल विचारतात कुणाचा, पोरीबद्दल विचारतात कुठं दिली.

नोकरीसाठी मी दौंडला राहायला गेले तेव्हापासून रोज सकाळी आप्पांचा फोन येतो. फोनवर काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. तब्येत विचारणं त्यांना बायकी वाटतं. मग ते वारा सांगतात. “वारं दौंडाकडं हाय,” म्हणतात, आणि मी म्हणते बरं, आणि ते ठेवतात. वारा खरंच माझ्या दिशेला असला की त्यांचा आवाज जरा खुशीत असतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

त्या थंडीत मी सुट्टीच्या दिवशी साडेपाचला दौंड सोडायची. आमची धावपट्टी तासाभरावर, उघड्या माळावर. पोहोचावं तर धुकं, मग सूर्य वर येईपर्यंत वाट बघायची. विमान दोन सीटचं, रंग गेलेलं, दार ओढून घेताना आमच्या जुन्या जीपची आठवण यावी असं. उडण्याआधी टाकीतलं थोडं इंधन काचेच्या नळीत काढून उजेडात धरायचं, त्यात पाणी तर नाही बघायला. डेअरीत दूध तपासतात तसंच. मला हे सगळं मनापासून आवडायचं. बाकीची विद्यार्थी मंडळी वीस-बावीसची, त्यांना कधी एकदा वर जातोय असं व्हायचं, आणि मी नळी धरून उभी.

वरून आपला मुलूख बघणं ही मात्र वेगळी गोष्ट. दौंडच्या यार्डात रूळ एकमेकांत शिरताना दिसतात. भीमा एवढी वळणं घेते हे काठावर जन्म घालवूनही मला माहीत नव्हतं. शेततळ्यांचं प्लास्टिक चमकतं. आणि गुऱ्हाळांचे धूर. दहा-बारा धूर, सगळे एकाच बाजूला कललेले. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी हातातलं सोडून त्यांच्याकडेच बघत बसले आणि कॅप्टननी माझ्या मनगटावर पेन्सिल मारली.

कॅप्टन म्हणजे आमचे शिकवणारे. मूळचे साताऱ्याकडचे, साठी उलटलेली, आवाज कधी न चढवणारे. त्यांची नापसंती पेन्सिलीतून कळायची. त्यांनी मला एकटीला सोडलं तो दिवस असा होता की आम्ही उतरलो, ते म्हणाले मी जरा चहा घेतो, आणि दार उघडून चालते झाले. मला वाटलं खरंच चहा. मग त्यांनी मागे न बघता हातानं खूण केली, जा. शेजारची सीट रिकामी असली की ते विमान फार लवकर जमीन सोडतं. मी मोठमोठ्यानं स्वतःशी बोलत एक फेरी मारून उतरले. खाली आले तर ते खरंच चहा पीत होते.

पुढचे तास भराभर झाले, आणि परीक्षेला बसवण्याची गोष्ट निघाली. ती कॅप्टनच्या सहीवर अवलंबून. सही आहे तर परीक्षा, नाही तर नाही. सहीसाठी त्यांनी मला एका सकाळी शेवटचं म्हणून वर नेलं. सगळं नीट झालं. परतताना रेडिओवर वाऱ्याचे आकडे आले, शून्य आठ शून्य, आठ नॉट. म्हणजे वारा जवळपास पूर्वेकडून, बेताच्या वेगाचा. आता धावपट्टी एकच असते पण तिची टोकं दोन. पूर्वेला तोंड करून उतरलं तर तिला शून्य नऊ म्हणायचं, पश्चिमेला तोंड करून उतरलं तर सत्तावीस. उतरताना वारा तोंडावर घ्यायचा असतो, तो विमानाला धरून ठेवतो. हे मी लेखी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, शेजारच्या पोरालाही समजावलं होतं. पण कानांनी ऐकलं पूर्व, आणि मन म्हणालं, वारं पूर्वेकडं हाय. पूर्वेकडे चाललंय. मग तोंड पश्चिमेला. मी रेडिओवर सत्तावीस सांगितलं आणि वळले.

कॅप्टननी मला वळू दिलं. रेडिओवरच्या माणसानं खात्री करून घ्यायला परत विचारलं, तेव्हा त्यांनीच हूं म्हणून त्याला गप्प केलं. विमान खाली आलं पण जमिनीला टेकेना. वारा पाठीमागून ढकलत होता. पट्टीचा पाव भाग गेला, अर्धा गेला, चाकं हातभर वरच. मला कळेना इंजिनाला काय झालंय. मग ते शांतपणे म्हणाले, सोडा, आणि विमान हातात घेऊन वर ओढलं. पट्टीचं टोक, पलीकडची बाभळ, शेळ्या, सगळं खालून गेलं. वरून त्यांनी खांबाकडे बोट केलं. नारिंगी पिशवी माझ्याकडे शेपूट करून सरळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं की असं का केलं, आणि मी सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, ठिणगी, आमची बोलायची पद्धत, आणि कारखान्यातला विंडसॉकसुद्धा, जो वायू गळला तर कुठे जाईल हे बघण्यासाठीच लावलेला आहे. घर आणि धंदा दोन्हींनी मला एकच सवय लावली होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वारा येतो कुठून तेवढं सांगा. जातो कुठं ते त्याचं तो बघेल. हे परत झालं तर मी सही करणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही करू देणार नाही.”

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. राग माझा मलाच आला. पण त्याहून जास्त भीती वाटली. अभ्यास कमी पडला असता तर अभ्यास केला असता. पाळण्यात शिकलेली गोष्ट माणसानं विसरायची कशी?

त्या रविवारी गावी गेले. आप्पा काहिलीपाशी होते, मी कडेला बसून काय झालं ते सांगितलं. सांगायला नको होतं. हसतील असं वाटलं होतं, मी सांगितलंही हसतच. त्यांनी ऐकलं, फेस बाजूला ओढला आणि म्हणाले, “म्हंजी आमीच तुला चुकीचं शिकीवलं म्हन की.”

“चुकीचं नाही हो आप्पा. उलटं.”

“येकच झालं,” ते म्हणाले, आणि रामसुमेरला जाळ कमी करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. चहा झाला का? झाला. थंडी हाय का? आहे. बरं. फोन बंद. वारा सांगितला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर आप्पांनी मला वारा सांगितला नाही. मी विचारलंही नाही. आईकडून कळलं की सकाळी अंगणात उभे राहतात, वर बघतात, मला फोन लावतात आणि चहाचं विचारतात. पोरीच्या डोक्यात गोंधळ नको, असं म्हणाले म्हणे. चहाचं विचारताना त्यांचा आवाज परक्या माणसासारखा यायचा. मला तो महिना फार जड गेला. विमानापायी आपण घरातलं काहीतरी मोडलं असं वाटायचं, आणि परीक्षाही नाही झाली तर दोन्हीकडून गेलो असं.

सराव मी चालूच ठेवला. कारखान्यात जाता-येता झाडं, झेंडे, वाळत घातलेल्या साड्या बघायची आणि मोठ्यानं म्हणायची, वारा वायव्येकडून, वारा ईशान्येकडून. कँटीनवाल्या मावशींनी एकदा विचारलं, मॅडम, कुणाशी बोलताय? त्या महिनाभरात कॅप्टननी मला तीनदा वर नेलं, तिन्ही वेळा माझ्या तोंडून वारा आधी वदवून घेतला, आणि एक दिवस सही केली. पेन्सिल खिशात ठेवली. मी त्याचा अर्थ चांगला असा घेतला.

परीक्षा दुपारची होती. परीक्षक बाहेरचे, हिंदी बोलणारे, हातात कागद लावलेली पाटी. उड्डाण झालं, वळणं झाली, नकाशावर बोट ठेवून कुठं आहोत ते सांगणं झालं. मग आम्ही भीमेवर आलो. दौंड उजव्या हाताला होतं. त्यांनी हात पुढे केला, इंजिनाची ताकद पूर्ण काढून घेतली आणि म्हणाले, समझिए इंजन गया. उतरिए.

यात जीव जात नाही. जमिनीजवळ आल्यावर ते पुन्हा ताकद देणार असतात. पण तोवर तुम्ही खरंच कुठल्या तरी शेतात उतरणार असल्यासारखं वागायचं असतं, आणि पहिला प्रश्न वाऱ्याचा. तिथे खांब नाही, पिशवी नाही, आकडे सांगणारा माणूस नाही. इतर विद्यार्थी अशा वेळी झाडं शोधतात, तलावावरच्या लाटा शोधतात. माझी मान आपोआप वळली. खाली धूर होता. नदीकाठी, बाभळीच्या रांगेच्या आतल्या अंगाला, पत्र्याची लांब शेड. आमचंच गुऱ्हाळ. धूर नदी ओलांडून चालला होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, “वारं दौंडाकडं हाय.”

परीक्षक म्हणाले, “दौंड से?”

सगळा महिना, कँटीन, साड्या, झेंडे, सगळं पाण्यात, आणि तोंडात तेच. पण डोळ्यांसमोर धूर होता, आणि धूर काही खोटं बोलत नव्हता. आमच्या बोलण्यातही काही खोटं नव्हतं. वारं दौंडाकडेच चाललं होतं. फक्त वाक्य अर्धं होतं. मी उरलेलं पूर्ण केलं. दौंडकडे जातोय, म्हणजे वायव्येकडून येतोय, तोंड वायव्येला करून उतरते. मग शेत शोधलं. ऊस उभा तिथे नाही, कांद्याच्या सऱ्यांत चाक अडकेल, म्हणून तोड होऊन नांगर न लागलेला मोकळा फड. तो कुणाचा हेसुद्धा मला माहीत होतं. कडब्याची गंजी जळाली होती त्या आबांचा. त्यांच्या रानात उतरायला कुणाची ना नसती.

वारा तोंडावर घेऊन विमान खाली येत राहिलं, संथ, सरळ. शेडपाशी दोन माणसं वर बघत होती. एकाच्या डोक्याला आप्पांसारखं पांढरं मुंडासं होतं. परीक्षकांनी ताकद परत दिली, म्हणाले चलिए, ऊपर. पाटीवर काहीतरी लिहिलं. परतल्यावर हात मिळवला आणि विचारलं की धूर इतक्या लवकर कसा दिसला. मी म्हटलं, घरचा होता. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

संध्याकाळी घरी फोन केला तर आईच बोलली. आप्पा गूळ उतरवण्यात होते. पास झाले एवढं सांगितलं. तिनं उशी नीट परत आण म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मी चहाचं उत्तर तयार ठेवलं होतं. मागे रामसुमेर काहीतरी सांगत होता आणि आप्पा त्याला थांब म्हणत होते. मग एकेक शब्द जपून, शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं म्हणाले,

“वारं हितनं हाय. आपल्या घरनं. आन् दौंडाकडं चाललंय.” मग नेहमीच्या आवाजात, “दोनी सांगितलं. तुला लागंल ते घे.”